होडीला बैलाची गाठ

जाळ्याचा दोर मी होडीला बैल बांधायच्या गाठीनं बांधला. चूक माझी. वाऱ्याची नाही, पाण्याची नाही, आणि दोराची तर मुळीच नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी सांगायला मी फार उशीर केला होता.

माझं गाव डिंगोरे, तालुका जुन्नर. आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीतलं, नाहीतर पुष्पावती नदीचं. आणि वैशाखात पुष्पावती एवढी उरते की मधोमध उभं राहिलं तरी तळवे तेवढे भिजतात. अशा मुलखातला माणूस समुद्रात कशाला गेला, असं तुम्ही विचाराल. आमच्या घरातही तेच विचारलं.

कारण ताग. नदीकाठच्या पट्टीत मी दरवर्षी ताग टाकतो. कार्तिकात तो कापायचा, डोहात कुजवायचा आणि मग गुडघाभर घाणीत उभं राहून त्याची साल सोलायची. त्या आठवड्यात आमच्या घरी पाहुणा येत नाही, आणि चुकून आला तर जेवायला थांबत नाही. हा सोललेला ताग जुन्नरचे कासमभाई नेतात. त्यांच्या घरात तीन पिढ्या सूत वळतात. ते सूत घाटाखाली कोळ्यांकडं जातं, त्याची जाळी होतात आणि ती समुद्रात पडतात, असं कासमभाई दरवर्षी सांगायचे. मी एकदा म्हटलं, “एवढा वास आपण सोसतो, त्याचं पुढं काय होतं ते डोळ्यांनी बघायचंय.”

“चला की भाऊ,” कासमभाई म्हणाले. “वैशाखात रान रिकामं असतंय. तुमचा ताग पवताना दावतो तुमाला.”

झालं. शेजारच्या दगडूला बैलांकडं बघायला सांगितलं. आमचे बैल चलाख आहेत. महिन्यातून दोनतीनदा आपले आपण सुटून कुणाच्या तरी रानात जातात. त्यांच्या या हुशारीचं मी गावभर कौतुक करत आलोय. दगडूला मी सगळं समजावून देत होतो, तेवढ्यात आमची मंडळी दारातून म्हणाली, “जाऊ द्या वो त्यांना. चार दिस बैलं तरी जाग्यावर राहतील.”

याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

घाटाखाली

नाणेघाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जुन्या काळी म्हणे त्यात जकात जमायची. मी आत वाकून बघितलं आणि माझी टोपी आत पडली. ती काढायला मी डोक्याकडून रांजणात गेलो आणि कासमभाईंनी माझे पाय धरून ठेवले. सुताचे गठ्ठे लादलेलं त्यांचं तट्टू शेजारी उभं राहून हे सगळं बघत होतं. प्रवासाची सुरुवात अशी झाली म्हटल्यावर शहाणा माणूस तिथूनच मागं फिरला असता.

घाट उतरल्यावर तट्टू एका ओळखीच्या घरी ठेवलं. पुढं एसटी, रेल्वे, पुन्हा एसटी. त्यात सांगण्यासारखं एवढंच की तिन्ही ठिकाणी गठ्ठ्यांना बसायला जागा मिळाली, आम्हाला नाही. ज्या कोळीवाड्यात पोचलो त्याचं नाव मी सांगणार नाही. तिथं मला अजून ओळखतात.

समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा काय वाटलं, हे लिहायची पद्धत आहे. मला खरं म्हणजे एवढंच वाटलं की याला बांध नाही. आमच्याकडं दोन वावरांच्या मधे बांध असतो, त्यावरून भांडता येतं. इथं कोण कुणाशी काय भांडणार?

वाळूवर बांबू रोवून दोर ताणले होते आणि त्यांवर बोंबील वाळत घातले होते, धुणं घालावं तसे. आळे गावच्या बाजारातून मी जन्मभर बोंबील आणलेत. बोंबील म्हणजे कडक, लाकडासारखा, अशी माझी पक्की समजूत. तिथं एका बाईनं ताजा बोंबील माझ्या हातावर ठेवला. तो मऊ, पारदर्शक, बोटांतून गळून पडणारा. मी म्हटलं, “हा आजारी दिसतोय.” त्या बाईनं तो परत घेतला आणि सगळ्या आळीला जाऊन सांगितलं. संध्याकाळपर्यंत मला पोरंसोरंसुद्धा विचारू लागली की आज बोंबलांची तब्येत कशी आहे.

हिराईचं जाळं

आमचा मुक्काम धर्मा तांडेलाकडं. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. बोलायच्या आधी तो आभाळाकडं बघायचा, जणू तिथली परवानगी हवी. त्याच्या घराला लागून त्याच्या भावाच्या विधवेचं घर, हिराईचं. कासमभाईंचं सूत घेणारी गिऱ्हाईक तीच.

तिच्या ओट्यावर जाळं पसरलेलं होतं. पंधरवड्यापूर्वीच पुरं झालेलं, ऐनाच्या सालीच्या पाण्यात बुडवून तांबूस केलेलं. तीन मोठे पट्टे एकमेकांना जोडलेले. कासमभाई म्हणाले, “ह्यो बगा भाऊ, तुमचा ताग.” मी वाकून वास घेतला. माझा ताग मला ओळखू आला नाही. त्यानंही ओळख दाखवली नाही.

“किती दिवस लागले विणायला?” मी विचारलं.

“दोन पावसालं,” हिराई म्हणाली. “आनि दोन उनालं.”

मग तिनं मला जे सांगितलं ते नीट लक्षात ठेवा, पुढं त्याचीच गोष्ट आहे. तिथं मासळी आली की तिचे वाटे पडतात. माणसांचे वाटे, होडीचा वाटा आणि जाळ्याचा वाटा. जो माणूस दर्यावर जातो त्याला त्याचा वाटा मिळतो. आणि ज्याचं जाळं जातं, तो घरी बसला तरी त्याला जाळ्याचा वाटा मिळतो.

“मना मरद नाय,” हिराई म्हणाली. “पन जालं हाय. माज्या घरातून जालं जातं दर्यावर.”

जुनं जाळं फाटून संपलं होतं. हे नवं उद्या पहिल्यांदा पाण्यात पडणार होतं. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढायच्या आधी जेवढ्या खेपा होतील, त्यांतल्या वाट्याची मासळी सुकवून तिला चार महिने काढायचे होते.

रात्री तांदळाची भाकरी आणि कालवण. ती भाकरी पांढरीशुभ्र, पातळ, लुगड्याच्या पदरासारखी. आमची बाजरीची भाकरी तिच्याशेजारी ठेवली असती तर नांगराचा फाळ वाटली असती. मी सात खाल्ल्या. हेही पुढच्या गोष्टीत येणार आहे.

पाण्यावर

पहाटे जमिनीवरून समुद्राकडं वारा सुटतो, त्याला ते मतलई म्हणतात. त्या वाऱ्यानं बाहेर जायचं आणि दुपारी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यानं परत. देवानं बैलाशिवाय गाडी चालवायची सोय करून ठेवलीय.

होडीत आम्ही चौघं. सुकाणूवर धर्मा तांडेल. मधे काशा नावाचा म्हातारा खलाशी, ज्याच्या तोंडाला विश्रांती नव्हती. आणि विठू नावाचा दुसरा खलाशी, जो त्या दिवसात एकूण दोनदा बोलला. कासमभाई वाळूवरच उभे राहिले. मी हात केला तर म्हणाले, “न्हाई भाऊ. मी सूत इकतो, जीव इकायला न्हाई काढला.”

हिराई गुडघाभर पाण्यात आली. फडक्यात बांधलेल्या भाकरी तिनं माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, “जाल्यावर ध्यान ठेवा, पावनं. तुमचाच ताग हाय तो.”

मी जबाबदारीनं मान हलवली आणि तांडेलाला विचारलं, “परत किती वाजता येऊ आपण?”

काशानं पाण्यात थुंकून माझ्याकडं बघितलं. तांडेलानं होडी थांबवली, एक नारळ फोडून पाण्यात सोडला आणि मग पुन्हा वल्हं मारायची खूण केली. निघताना हा प्रश्न विचारायचा नसतो. खरं तर आमच्याकडंही बी घेऊन निघालेल्या माणसाला कुठं चाललास म्हणून विचारत नाहीत. मला हे माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट मला वेळेवर आठवत नाही, एवढंच.

उजाडलं तेव्हा किनारा एका रेघेएवढा उरला होता. डाव्या बाजूला लांबवर खडकावर एक पांढरा बुरूज होता. रात्री त्यावर दिवा असतो, गलबतांना दिसावा म्हणून. मतलई मात्र त्या दिवशी लवकर पडली. पाणी तेलासारखं गुळगुळीत झालं. मला वाटलं, छान. तांडेलानं दक्षिणेकडं बघितलं आणि तसाच बघत राहिला.

“वादळ येईल का?” मी विचारलं. मग मीच उत्तर दिलं. “नाही येत. वळीव यायचा तर तिसऱ्या प्रहरी येतो आणि उगवतीकडून येतो. सकाळचा आणि दक्षिणेकडून मी तरी बघितला नाही.”

“मंग त्याला तसं कलवा,” काशा म्हणाला. “दुपारच्याला ये म्हनावं, पावनं जेवून झोपलं की.”

जाळं सोडायचं काम काशाचं. पट्टा पट्टा तो पाण्यात सोडत होता, वर लाकडाचे ठोकळे तरंगत जात होते. अगदी लांबच्या टोकाला खूण म्हणून एक सुका भोपळा बांधला होता. जवळच्या टोकाचा दोर होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला बांधायचा. मग जाळं आणि होडी एकमेकांना धरून वाहत राहतात. विठू होडीतलं पाणी उपसत होता. तांडेल म्हणाला, “विठू, दोर बांद.”

नाळेजवळ एक लाकडी खुंटा होता. तो बघून मला थेट घरचा गोठा आठवला. मी म्हटलं, “मी बांधतो.”

“येतं का?” काशा.

“वीस वर्षं बैलं बांधतोय,” मी म्हटलं.

आता बैलाची गाठ कशी असते, ते सांगतो. ती जनावराच्या बाजूनं ओढली तर आवळत जाते; पण तिचं एक मोकळं टोक बाहेर लोंबत ठेवायचं. गोठ्याला आग लागली, बिबट्या शिरला, तर ते टोक एका हिसक्यात ओढायचं, बैल मोकळा. डोंगराकडेच्या गावात अशी गाठ लागते. मी ती मन लावून बांधली आणि मोकळं टोक नीट बाहेर सोडलं. विठूनं माझ्याकडं बघितलं आणि त्याचं पहिलं वाक्य बोलला. “जरा सरका.” त्याला पुढचं पाणी उपसायचं होतं.

मग न्याहारी. आणि न्याहारीनंतर रात्रीच्या सात भाकरी आणि आत्ताच्या दोन यांच्यात काहीतरी वाद झाला. वारा नव्हता, पण खालून एक लांब लाट यायला लागली होती; ती होडी उचलायची, क्षणभर विचार करायची आणि मग सोडून द्यायची. मी नाळेकडं धावलो आणि हाताला आला तो दोर धरून पाण्यावर ओणवा झालो.

“लांब बगा, पावनं,” काशा मागून सांगत होता. “खाली नका बगू. आज बोंबलांची तब्येत बरी हाय, तुमचीच बिगडली.”

मी लांब बघितलं नाही. मी डोळे मिटले आणि दोराला लोंबकळून जे व्हायचं ते होऊ दिलं. शेवटी एक मोठा हिसका बसला, माझ्या पोटाला आणि माझ्या हाताला एकदमच. मग होडी जरा मोकळी डुलायला लागली. मला हलकं वाटलं. पोट रिकामं झालं म्हणून असेल, असं मी समजलो आणि मागं जाऊन आडवा झालो.

बुरूज दिसतोय तोवर

मी किती वेळ पडलो होतो कोण जाणे. गार वारा अंगावर आला म्हणून जागा झालो. दक्षिणेकडं आभाळ वांग्याच्या रंगाचं झालं होतं. तांडेल उभा होता.

“उचला,” तो म्हणाला.

काशा पुढं गेला आणि खुंट्याजवळ थांबला. वाकून त्यानं खुंटा चाचपला. मग म्हणाला, “दोर नाय.”

पाण्यावर चहूकडं बघितलं. एक ठोकळा नाही, भोपळा नाही. नुसतं पाणी, काळपट, मधूनमधून पांढरं.

“तुटला,” काशा म्हणाला. “जुन्नरचं सूत. कासम सोन्यासारकं म्हनून इकतो आनि पयल्याच दिवशी तुटलं. हिराईनं दोर पन त्याच सुताचा वललेला.”

मी माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. त्या हिसक्याची आठवण अजून हातात होती. आणि मग मला सगळं एकदम दिसलं: मी धरला होता तो दोर नव्हता, दोराचं मोकळं टोक होतं. बिबट्या आल्यावर ओढायचं ते.

माझ्या मनात तेव्हा काय आलं ते खरं सांगतो. पहिल्यांदा हिराई आली नाही. पहिल्यांदा हे आलं की दोर जाळ्याबरोबर गेलाय. तो टोकाला धड आहे की तुटलाय, हे आता कोण बघणार? ताग वाईट ठरला तर ठरला. कासमभाई आठ दिवस बोलतील. मी गप्प बसलो.

तांडेल विचारत होता, “कवा तुटला?”

माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

“कवा, ते सांगा,” तो पुन्हा म्हणाला. “सकाली व्होट व्हती, पानी भायेर ओढत व्हतं. आता पालटून भरती लागली. आताच तुटलं असंल तर जालं आत गेलं, घरच्या अंगाला. आदीच गेलं असंल तर भायेर हाय, लांब. दोनी बाजूला जाया टाइम नाय.”

“आताच गेलं असनार,” काशा म्हणाला. “हा वारा सुटला तवा.”

तांडेलानं सुकाणू घराकडं वळवायला घेतलं. माझ्या सगळ्या अंगाला तेच हवं होतं. घर, वाळू, ज्याच्यावर पाय ठरतो अशी कोणतीही वस्तू. मी बोललो नाही तर आपण किनाऱ्याकडं जात जात जाळं शोधणार. ते सापडणार नाही, कारण ते तिकडं नाहीच. आणि आपण सुखरूप पोचणार. बोललो तर त्या वांग्याच्या रंगाच्या आभाळाखाली, बाहेर. मला पोहता येतं, पण विहिरीत. तीही कठडा असलेल्या.

मग हिराई आठवली, गुडघाभर पाण्यात उभी. ध्यान ठेवा म्हणालेली.

“तुटला नाही,” मी म्हटलं. “सुटला. न्याहारीनंतर. मी ओकत होतो तेव्हा.”

कसा सुटला तेही सांगितलं, गाठीसकट. काशानं तोंड उघडलं. त्याच्या तोंडात काय काय तयार होतं ते मला दिसत होतं. पण तांडेल म्हणाला, “होडीत नाय, काशा. वालूवर.”

हा त्यांचा नियम. पाण्यावर असताना कुणी कुणाला दोष द्यायचा नाही. जे काय भांडायचं ते पाय वाळूला लागल्यावर. आमच्याकडं भाऊबंद वावरात भांडतात, विहिरीवर भांडतात, लग्नाच्या मांडवात तर हमखास. मला वाटायचं गप्प राहणं सोपं असतं. काशाकडं बघून कळलं की नसतं.

तांडेलानं होडी बाहेर वळवली. मग मला म्हणाला, “पावनं, तुमी त्यो बुरूज बगा. दुसरं कायबी नको. बुरूज दिसतोय तवर आपून जाल्याच्या मागं. पावसानं तो झाकला, की सांगायचं. मंग जालं मिलो न मिलो, मागारी.”

मी बुरूज बघत बसलो. अशी नोकरी मी कधी केली नाही. डोळ्याची पापणी हलवायची भीती वाटत होती. तो पांढरा ठिपका नाहीसा झाला असं म्हटलं की मी वाचणार होतो, आणि हिराईचे दोन पावसाळे, दोन उन्हाळे जाणार होते. दिसतोय असं म्हणत राहिलो तर जाळं मिळेल कदाचित, आणि आम्ही चौघं जाऊ कदाचित. मी खंडोबाला नवस बोललो. मग वाटलं, आपला देव डोंगरावरचा, त्याचा पाण्यावर काय अंमल? म्हणून त्यांच्या देवीला एक नारळ बोललो. तिची आपली ओळख नाही म्हणून दोन केले.

“दिसतोय का?” तांडेल.

“दिसतोय.”

वारा आता कानात बोलत होता. होडी चढावर चढलेल्या गाडीसारखी लाटेवर चढायची आणि पलीकडं बैल उधळल्यासारखी उतरायची. विठू उपसत होता, काशा वल्ह्यावर होता, त्याचे ओठ आवळलेले.

“दिसतोय का?”

“दिसतोय. अंधुक.”

बुरुजाच्या खालून एक करडा पडदा वर सरकत होता. आधी खडक गेला, मग बुरुजाचं बूड. वरचं टोक तेवढं राहिलं, दाताएवढं.  तो गेल्यावरही मी आणखी तीन श्वास थांबलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण सकाळपासून मी एवढं काही केलं होतं की आणखी एक पाप घ्यायला जागा नव्हती. दात गेला.

“गेला,” मी म्हटलं.

आणि त्याच क्षणी विठू त्याचं दुसरं वाक्य बोलला.

“भोपला.”

तो डाव्या अंगाला होता. लाटेवर यायचा, बुडायचा, यायचा. तांडेलानं पावसाकडं बघितलं, मग भोपळ्याकडं. शब्द दिलेला होता, मागारी म्हणून.  “दहा वल्ही,” तो म्हणाला. “अकरावं नाय.”

काशानं नवव्या वल्ह्याला भोपळा धरला.

मग ओढणं. तिघं ओढत होतो, तांडेल होडी लाटेच्या तोंडावर धरून होता. जाळ्यात मासे होते, चकाकणारे, उड्या मारणारे. त्यांच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. ओला ताग तळव्यांत शिरत होता. डोहात मीच सोललेला ताग, त्यानं माझे दोन्ही तळवे चिरले. बरं वाटलं. पहिला पट्टा आला, दुसरा आला, आणि तेवढ्यात पाऊस आमच्यावर पडला. आला म्हणत नाही, पडला. होडी आडवी झाली, पाणी आत आलं. तिसरा पट्टा खाली पाण्यात जड होऊन होडीला ओढत होता.

“काप,” तांडेल म्हणाला.

काशा थांबला. “हिराईचं हाय, धर्मा.”

“काप म्हनतो ना.”

काशानं कोयता घातला. तिसरा पट्टा गेला आणि त्याच्याच टोकाला माझा दोर होता, धड, न तुटलेला. म्हणजे पुरावा शेवटी समुद्रातच गेला. मी गप्प बसलो असतो तर जगात कुणाला कळलं नसतं. कबुली मात्र तीन माणसांनी ऐकली होती.

वाळूवर

परत कसे आलो ते मला नीट सांगता येणार नाही. मी पाणी उपसत होतो आणि खाली बघत होतो. होडीचं बूड वाळूला घासल्याचा आवाज आला, तो आवाज मी कधी विसरणार नाही. कासमभाई धावत पाण्यात आले. त्यांनी मला बगलेत धरून बाहेर काढलं, रांजणातून काढलं तसंच.

हिराई होती. तिनं आधी माणसं मोजली. मग जाळं मोजलं.

“दोन,” ती म्हणाली.

तांडेल म्हणाला, “एक कापायला लागला. वारा लई व्हता.”

तो एवढंच बोलून थांबला. माझं नाव घेतलं नाही. पण काशाचे पाय वाळूला लागले होते. दुपारपासून आवळून धरलेलं सगळं त्यानं तिथं मोकळं केलं. भाकरी किती खाल्ल्या तिथपासून त्यानं सुरुवात केली. माणसं जमली. मी मान खाली घालून ऐकत होतो. एकही गोष्ट त्यानं वाढवून सांगितली नाही; वाढवायला काही उरलंच नव्हतं. फक्त शेवटी म्हणाला, “पन बोलला. आपून होऊन बोलला. नायतर आपून घरच्या अंगाला शोधत बसलो असतो.”

हिराईनं सगळं ऐकलं. मग दोराचा एक तुकडा माझ्या हातात दिला.

“दावा,” ती म्हणाली. “कशी ती गाट.”

होडीच्या खुंट्याला मी पुन्हा ती गाठ बांधली. तळव्यांतून रक्त येत होतं, तरी नीट बांधली, मोकळं टोक बाहेर ठेवून. हिराईनं एका बोटानं ते टोक ओढलं. गाठ नाहीशी झाली. तिनं मला पुन्हा बांधायला लावली. पुन्हा ओढली. आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

“तुमची बैलं गरीब हायत म्हनून बरं,” ती म्हणाली, आणि जाळं उचलायला वाकली.

मी म्हटलं, “हिराई, तिसऱ्या पट्ट्याचा ताग माझा. येत्या कार्तिकात, सोलून, वळून. सूत पोचतं करतो.”

तिनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. त्या दोन पट्ट्यांवर पाऊस लागेपर्यंत आणखी चार खेपा झाल्या, असं कासमभाईंनी नंतर सांगितलं. वाटा मात्र दोनच पट्ट्यांचा पडला.

कार्तिकात

घरी आलो तर बैल जाग्यावर होते. चार दिवसांत एकदाही सुटले नव्हते. दगडूनं त्यांना साधी गाठ मारली होती. मंडळी नुसती गोठ्याकडं बघून आत गेली.

त्या वर्षी मी तागाला जास्त पट्टी दिली. डोहात उभा राहिलो तेव्हा वासाचं काही वाटलं नाही. सगळ्यात लांब धाग्याचा ताग वेगळा काढला. कासमभाईंनी स्वतः बसून त्याचं सूत वळलं आणि निघायच्या सकाळी तट्टू घेऊन ते डिंगोऱ्याला आले. मीच म्हटलं होतं की गठ्ठा माझ्या दारातून जाऊ दे. मी तो तट्टूच्या पाठीवर ठेवला, दोर घेतला आणि बांधायला लागलो.

कासमभाईंनी माझा हात बाजूला केला.

“ऱ्हाऊ द्या, भाऊ.”

“का हो?”

“हिराईचा निरोप हाय,” ते म्हणाले, आणि स्वतः दोर आवळायला लागले. “ताग त्यांचाच आणा म्हणाली. बांधायला दुसरा माणूस बगा.”